व्हेसुव्हियसच्या छायेंत दोन दिवस

उतरत्या वयांत पतिपत्नींनीं दोघांनींच प्रवासास निघावें, ही चाल आमच्या घराण्यांत कधीं नव्हती. आमच्या लहानपणीं प्रवास म्हणजे यात्रा, आणि यात्रा म्हणजे आजी, एखादी आत्या, दोन-चार पुतणे-भाचे, दशम्यांचा डबा आणि फिरकीचा तांब्या असा सारा लवाजमा. म्हणून सन २०२४च्या मार्च महिन्यांत, रोम शहरीं नोकरीनिमित्त राहणाऱ्या आमच्या कन्येनें जेव्हां मोटारीची किल्ली आमच्या हातावर ठेविली आणि "शनिवार-रविवार तुम्ही दोघेंच व्हेसुव्हियस आणि अमाल्फीचा किनारा पाहून या, आम्हांला कामें आहेत," असें सांगितलें, तेव्हां आम्हां उभयतांस आनंदापेक्षां संकोचच अधिक वाटला.

संकोचाचें खरें कारण निराळेंच होतें, आणि तें या सदराच्या वाचकांपासून लपविण्यांत अर्थ नाहीं. घरांतील एका प्रश्नावर आम्हां दोघांत मतभेद होता. माणसांच्या वर्दळींत तो झांकला जाई; दोन दिवस एका गाडींत शेजारीं बसल्यावर तो वर आल्यावांचून राहणार नव्हता.

प्रश्न असा : चिपळुणास वाशिष्ठीच्या कांठीं आमचें वडिलोपार्जित घर आहे. तेथें आमचे ज्येष्ठ बंधु दादा आणि वहिनी राहतात. ता. २२ जुलै २०२१ रोजीं जो महापूर आला, त्यांत आमच्या घराचा तळमजला छतापर्यंत बुडाला आणि दोघांनीं एक सबंध रात्र माडीवर, अंधारांत, खालच्या पाण्याचा आवाज ऐकत काढली. २००५ सालींही पाणी घरांत शिरलेंच होतें. घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस आणि खाडींतून चढणारी भरती यांची गांठ पडली कीं नदीस जावयास वाट उरत नाहीं, हें चिपळूणकरांस कोणीं सांगावयास नको. तेव्हांपासून आम्हीं हट्ट धरिला होता कीं घर विकावें आणि दादांनीं पुण्यास आमच्याकडे यावें. दादांनीं एका शब्दांत नकार दिला. बोलणें तुटलें नाहीं, पण तुटक झालें. आमच्या सौभाग्यवतींचें मत असें कीं, हट्ट दादांचा नाहीं, आमचा आहे. ही शिदोरी बरोबर घेऊन शनिवारीं पहाटे आम्ही निघालों.

रोमहून नेपल्स सुमारें सव्वादोनशें किलोमीटर. ज्याच्या हाताला जन्मभर रस्त्याच्या डाव्या बाजूची संवय, त्यानें एकाएकीं उजवीकडून गाडी हांकावी, म्हणजे डाव्या हातानें जानवें घालण्यासारखेंच आहे. पहिल्या अर्ध्या तासांत आम्हीं दोन वेळां गाडीच्या दाराचा खटका गिअर समजून चांचपला. सौभाग्यवतींनीं नकाशाचें काम पत्करलें होतें. त्या "उजवीकडे, उजवीकडेच" असें जपासारखें म्हणत होत्या.

नेपल्सच्या अलीकडे तो पर्वत प्रथम दिसला. चित्रांतून आपण एक शिखर पाहतों. प्रत्यक्षांत तीं दोन आहेत. डावीकडची उभी भिंत ती सोमा, म्हणजे पूर्वींच्या मोठ्या ज्वालामुखीच्या कांठाचा उरलेला भाग. त्या मोडक्या कड्याच्या आंत मागाहून जो नवा शंकु वाढला, तो व्हेसुव्हियस. त्याची उंची १२८१ मीटर, म्हणजे आपल्या सिंहगडाहून थोडीच कमी. परंतु मन ज्यानें दचकतें तें उंचीनें नव्हे. पायथ्यापासून समुद्रापर्यंत घरेंच घरें! गांवाला गांव लागून, मधें बोट शिरकवावयास जागा नाहीं. ज्वालामुखीच्या तोंडून निघणारा जळता लोट जेथवर पोंचूं शकतो असें शासनानें ठरविलें आहे, त्या तांबड्या पट्ट्यांत २५ नगरपालिकांचे प्रदेश येतात आणि तेथें साडेसहा-सात लाख माणसें राहतात.

"पाहिलेंत?" सौभाग्यवती म्हणाल्या. "इतके दादा आहेत इथें."

आम्हीं उत्तर दिलें नाहीं. वळण अवघड होतें.

एर्कोलानो गांवावरून नागमोडी रस्त्यानें वर चढलों. गाडी ठरल्या जागीं ठेविल्यावर कळलें कीं विवरापर्यंत जावयाचें तिकीट तेथें मिळतच नाहीं. तें अगोदर घरबसल्या काढावें लागतें. पहाऱ्यावरील मनुष्यानें दोन्ही हात पसरून खांदे उडविले. आम्ही परतण्याच्या गोष्टी बोलूं लागलों, तोंच सौभाग्यवतींनीं फोन काढून त्याच्यापुढें धरिला. आदल्या रात्रीं मुलीकडून त्यांनीं दोघांचीं तिकिटें काढून ठेविलीं होतीं. "सांगितलें कां नाहींस?" असें आम्हीं विचारलें. "तुम्हीं विचारलें कां नाहीं?" असें उत्तर आलें. त्याचें मर्म आम्हांस दुसऱ्या दिवशीं उमगलें.

सुमारें हजार मीटर उंचीवरून पुढें पायवाट आहे. भुरकट-तांबड्या जळक्या खड्यांची, पाऊल मागें घसरविणारी. दोन पावलें चढावें, एक उतरावें, आणि मधें उगीच देखावा पाहण्याचें निमित्त करून दम खावा. शेवटीं कांठ आला. आंत डोकावलें तर वाफाळणारा अग्निरस वगैरे कांहीं नाहीं. सुमारें साडेचारशें मीटर रुंद आणि तीनशें मीटर खोल असा एक प्रचंड पेला, तळाशीं दरडींचा चुरा, आणि एका बाजूच्या भिंतींतून सावकाश निघणारे वाफेचे दोन-चार पिसारे. चुलीवरचें भांडें उतरल्यावरहि बराच वेळ वाफ येत असते, तशी. "एवढेंच?" असें शेजारचें एक मूल आपल्या भाषेंत म्हणालें असावें, त्याच्या चेहऱ्यावरून आम्हांस अर्थ कळला.

एवढेंच, परंतु हा पेला तयार झाला तो १९४४ सालच्या मार्चांतील स्फोटांत. दुसरें महायुद्ध चालूं होतें. नेपल्स दोस्तांच्या ताब्यांत आलें होतें. ता. १८ मार्चच्या सुमारास शिलारस वाहूं लागला आणि त्यानें सान सेबास्तियानो गांव गिळलें. लोकांना लष्करी मालमोटारींत घालून बाहेर काढण्यांत आलें. मृत्यु पावलेलीं सुमारें २६ माणसें बहुतेक शिलारसानें नव्हे, तर राखेच्या ओझ्यानें कोसळलेल्या छपरांखालीं मेलीं. पायथ्याच्या विमानतळावरचीं ऐंशीच्या आसपास अमेरिकन बाँबफेकीं विमानें त्याच राखेनें निकामी केलीं. त्यानंतर पर्वत जो निजला तो आज ऐंशी वर्षें निजलेलाच आहे. आणि सान सेबास्तियानो? तें त्याच थिजलेल्या रसावर पुन्हा बांधलें गेलें.

उतरतांना १९४४चा तो रस जवळून पाहिला. दुरून तो चांदीसारखा करडा दिसतो. जवळ गेल्यावर कळतें कीं तो रंग दगडाचा नसून त्यावर वाढलेल्या दगडफुलाच्या एका जातीचा आहे. नवा रस थंड झाला कीं प्रथम वस्तीस येते ती ही वनस्पति. तिच्या मागून गवत, मग पिवळ्या फुलांचीं झुडपें, मग झाडें, आणि अखेरीस द्राक्षांचा मांडव घेऊन मनुष्य. सौभाग्यवतींनीं एक काळा खडा उचलून हातांत तोलला. "हा तर आपल्या पाट्याचा दगड," त्या म्हणाल्या. जात अगदीं तीच नव्हे. पण गोत्र तेंच. आपला सह्याद्रि हा सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं भूमीच्या भेगांतून लोटामागून लोट येऊन थिजलेला अग्निरसच आहे. आमचें चिपळूणचें जोतें, विहिरीचा कठडा आणि आजीचें जातें त्याचेंच. ज्वालामुखीवर घर बांधणाऱ्यांस आम्ही मनांतून हंसत होतों. आमच्या सात पिढ्यांनीं दुसरें काय केलें होतें? फरक एवढाच कीं आमचा पर्वत पुरता निवाला आहे आणि यांचा नाहीं. खडा अर्थातच होता तेथें परत ठेविला.

या डोंगराच्या कुशींत १८४१ सालीं स्थापलेली वेधशाळा आहे. ज्वालामुखीवर पाळत ठेवणारी ती जगांतील सर्वांत जुनी संस्था. तिचे एक संचालक लुइजी पाल्मिएरी यांनीं सूक्ष्म धरणीकंप टिपणारें विद्युद्यंत्र बनविलें, आणि १८७२च्या उद्रेकांत दोन्ही बाजूंनीं रस वाहत असतां ते वेधशाळा सोडून गेले नाहींत. आज पाळतीचें काम नेपल्स शहरांतून चालतें. जमिनीचा कंप, तिचें फुगणें आणि भेगांतून निघणारे वायु यांची रात्रंदिवस नोंद होते. ज्वालामुखी हा शत्रु असला तरी बहुधा दार वाजवून येणारा शत्रु आहे. मात्र दाराशीं कान देऊन कोणीतरी बसलेलें पाहिजे.

पायथ्याशीं पोर्तिची नांवाचें गांव लागतें. तेथें रस्त्याच्या कडेला एक लॅटिन शिलालेख आहे. १६३१च्या डिसेंबरांत हा पर्वत शेंकडों वर्षांच्या झोपेंतून एकाएकीं उठला आणि त्यानें तीन हजारांहून अधिक माणसें मारलीं. त्या झोपेंत लोक इतके निश्चिंत झाले होते कीं विवराच्या आंत झाडी माजली होती. पुढच्या वर्षीं स्पॅनिश सुभेदारानें हा दगड उभारला आणि त्यावर पुढच्या पिढ्यांस उद्देशून लिहविलें. मुलीनें आम्हांस त्याचें तात्पर्य अगोदर समजावून दिलें होतें : हा डोंगर आज ना उद्यां पेटतो, पण पेटण्यापूर्वीं तो गुरगुरतो, हलतो, धुमसतो. तो मोकळा होण्याआधीं निघा. घरादाराचा आणि सामानाचा मोह धरूं नका. उशीर करूं नका.

आम्हीं तो दगड बराच वेळ पाहिला. येथें राहूं नका, असा निषेध त्यांत मुख्य नाहीं. सारा जोर 'वेळीं निघा' यावर आहे.

दुपारीं हर्क्युलेनियमचे अवशेष पाहिले. सन ७९च्या उद्रेकांत हें गांव सुमारें वीस मीटर खोल गाडलें गेलें. पाँपेईइतकें तें मोठें नाहीं, पण येथें लांकडी माड्या, पलंग, पाळणासुद्धां कोळसा होऊन टिकले आहेत. दुकानांचे ओटे, त्यांत बसविलेले रांजण, काळ्या दगडाचीं जातीं पाहून सौभाग्यवती एखाद्या शेजघरीं आल्याप्रमाणें वावरत होत्या. पाँपेईस तर आपल्याकडचीच एक पाहुणी सांपडली आहे. १९३८ सालीं तेथील एका घरांत हस्तिदंताची वीतभर उंचीची स्त्रीमूर्ति मिळाली. अंगभर दागिने, दोहों बाजूंस दासी. तिला लक्ष्मी म्हणतात. कोणी यक्षी समजतात. नेपल्सच्या संग्रहालयांत आदल्या आठवड्यांत मुलीसमवेत आम्हीं ती पाहिली होती. मराठवाड्यांतील तेर आणि भोकरदन येथें तिच्याशीं जुळणारें हस्तिदंती काम सांपडल्यामुळें ती सातवाहनांच्या राज्यांतून गेली असावी, असें कित्येक विद्वानांचें मत आहे. घरधन्यानें ती किती आवडीनें आणविली असेल! त्या दिवशीं लक्ष्मी घरांत राहिली, आणि घर राखेखालीं गेलें.

हर्क्युलेनियमच्या अगदीं खालच्या अंगास जुना समुद्रकिनारा आहे. आतां समुद्र कांहींशें मीटर मागें गेला आहे. उद्रेकानेंच ती भूमि भरून काढली. त्या किनाऱ्यावर कमानींच्या बारा कोठ्या आहेत. होड्या ठेवण्यासाठीं त्या असाव्या. गांवांतले लोक निसटले असें पूर्वीं समजत; कारण वर सांगाडे फारसे मिळाले नव्हते. १९८०पासून या कोठ्या आणि त्यांपुढची वाळू उकरतां उकरतां सुमारें तीनशें माणसांचे सांगाडे सांपडले. कोठ्यांत बहुतेक बायका आणि मुलें, बाहेर वाळूवर बहुतेक पुरुष. कोणाजवळ दागिने, कोणाजवळ किल्ल्या, एकापाशीं वैद्याचीं हत्यारें. सर्व जण समुद्राकडे तोंड करून होड्यांची वाट पाहत होते, असें वाटतें. रात्रीं वरून जळता लोट आला. क्षणांत सर्व संपलें.

आम्ही कठड्याशीं उभे होतों. खालीं एका कोठींत एकमेकांस बिलगलेलीं हाडें दिसत होतीं. सौभाग्यवती हळूच म्हणाल्या, "किल्ल्या घेतल्या होत्या. म्हणजे परत येणार होते हो."

आम्हांस वहिनींच्या कंबरेचा किल्ल्यांचा जुडगा आठवला. पुराच्या रात्रीं माडीवर जातांना त्यांनीं तो कंबरेस खोंवला होता. खालच्या कुलुपांवर पंधरा फूट पाणी असतां!

त्या उद्रेकाची हकीकत धाकट्या प्लिनीनें टॅसिटस या इतिहासकारास लिहिलेल्या दोन पत्रांत दिली आहे. त्याचा मामा थोरला प्लिनी हा मिसेनम येथील आरमाराचा अधिपति. तो प्रथम कुतूहलानें आणि मग लोकांस वांचविण्यासाठीं जहाजें घेऊन निघाला. पर्वताच्या पायथ्यास त्याला उतरतां येईना, म्हणून तो खाडीपलीकडच्या स्ताबिए येथें एका मित्राच्या घरीं गेला. तेथें घरांत थांबावें कीं उघड्यावर जावें याचाच खल चालला. शेवटीं डोक्यांस उशा बांधून मंडळी किनाऱ्यावर आली, तों समुद्र खवळलेला आणि वारा उलटा. तेथेंच तो वारला. सतरा वर्षांचा भाचा आईजवळ मिसेनमलाच होता. आई म्हणाली, तूं तरुण आहेस, निघून जा. मी म्हातारी, मला चालवत नाहीं. त्यानें ऐकलें नाहीं. आईचा हात धरून तो तिला ओढीत घेऊन निघाला, आणि दोघेंहि वांचलीं. हें आम्हीं वाटेंत सौभाग्यवतींस सांगितलें. त्या म्हणाल्या, "आईला 'घर विक' असें नाहीं म्हणाला तो. हात धरला."

दिवेलागणीस व्हिएत्री येथें किनाऱ्याच्या रस्त्यास लागलों. हा रस्ता पन्नासेक किलोमीटर लांब, एकोणिसाव्या शतकांत कड्यांतून खोदलेला. आम्हीं तो पूर्वेकडून पश्चिमेकडे धरिला. कारण उजव्या बाजूनें चालावयाचें असल्यामुळें डोंगर आपल्याकडे आणि समुद्राची कड समोरून येणाऱ्याच्या वांट्यास येते. आंधळ्या वळणावर भोंगा वाजवावा, समोरून बस आली कीं निमूटपणें मागें सरावें : हे कायदे कुंभार्ली घाटानें आम्हांस पूर्वींच शिकविलेले, तेथें मात्र आम्ही कोणाच्या हाताखालीं शिकावें लागलों नाहीं.

मायोरी गांवीं एका वृद्ध बाईंच्या घरगुती उपाहारगृहांत मुक्काम केला. बाईंचें वय सत्त्याहत्तर. नात इंग्रजी जाणणारी, तिच्यामार्फत संभाषण चालूं झालें. आम्ही मांसमत्स्य खात नाहीं म्हटल्यावर त्यांनीं लिंबाच्या सालीचा कीस घातलेला पास्ता आणि वांग्याचे काप वाढले. जेवतां जेवतां आम्हीं विचारलें, त्या डोंगराखालीं माणसें राहतात तरी कशीं? बाई हंसल्या आणि त्यांनीं उलट भिंतीवरचें एक छायाचित्र दाखविलें. चिखलानें भरलेली गल्ली, उलटलेली गाडी, उघडीं पडलेलीं घरें. ता. २५ ऑक्टोबर १९५४च्या रात्रीं या किनाऱ्यावर अतोनात पाऊस झाला. सालेर्नो, व्हिएत्री, मायोरी या टापूंत तीनशेंहून अधिक माणसें दगावलीं. बाई तेव्हां सात वर्षांच्या. वडिलांनीं त्यांना पाठीवर घेऊन शेजाऱ्याच्या गच्चीवर नेलें. आजी कपाटांतले कागद आणावयास खालीं गेली ती परत आली नाहीं.

"मग तुम्ही हें गांव सोडलें नाहींत?" आम्हीं विचारलें.

नात भाषांतर करीत होती : "आजी म्हणते, कोठें जायचें? डोंगराखालीं आग आहे, इथें पाणी आहे, दुसरीकडे भूकंप आहे. पण कागद आतां वरच्या मजल्यावर असतात. आणि पाऊस लागला कीं ती इथें निजत नाहीं. माझ्या आईकडे वर जाते. शेजारी हंसतात. ती हंसूं देते."

रात्रीं बराच वेळ खिडकींतून समुद्राचा आवाज ऐकूं येत होता. आम्ही दोघेंहि जागीं होतों. आम्हीं म्हटलें, "तूं मला कधीं सांगितलें नाहींस, तुझ्या मनांत नेमकें काय आहे तें." त्या म्हणाल्या, "तुम्ही दादांना तीन वर्षें एकच विचारतां आहांत, घर सोडतां कीं नाहीं. त्यांनीं तरी दुसरें काय सांगावें? त्यांना हें कोणीं विचारलें आहे कां, कीं पाणी वाढलें तर कधीं निघाल, कोणत्या वाटेनें, कोणाच्या घरीं?"

रविवारीं सकाळीं ऊन स्वच्छ होतें. रस्त्याच्या वर पायऱ्यापायऱ्यांनीं आकाशापर्यंत लिंबांच्या बागा चढत गेलेल्या. चेस्टनटच्या लांकडाचे मांडव, वाऱ्यापासून राखण्यास वर काळीं जाळीं, आणि त्यांतून मुठीएवढीं टोकदार पिवळीं लिंबें. एका वळणावर गाडी थांबवून आम्हीं त्या मातीकडे पाहिलें. डोंगर मुळांत चुनखडीचे, नागवे. त्यांना अंगभर माती दिली ती बव्हंशीं ज्वालामुखींच्या राखेनें. वाऱ्यानें आणलेली ती राख साचली, म्हणून येथें बागा झाल्या. आणि तीच राख मुसळधार पावसांत चिखल होऊन खालीं घसरते. १९९८ सालच्या मे महिन्यांत व्हेसुव्हियसपलीकडील सार्नो भागांत अशाच चिखलाच्या लोंढ्यांनीं दीडशेंहून अधिक माणसें गाडलीं. जो अन्न देतो तोच भय देतो. कोंकणांतल्या नदीचें तरी दुसरें काय आहे? गाळ तिनेंच आणिला, आणि पूरहि तीच आणते.

अमाल्फीस थोडें थांबलों. एके काळीं हें पिसा, जिनोव्हा, व्हेनिस यांच्या बरोबरीचें समुद्री राज्य. १३४३च्या नोव्हेंबरांत समुद्रानें त्याचें बंदर आणि खालचें गांव एका वादळांत ओढून नेलें. आज चर्चच्या पायऱ्यांवर मुलें आईसफळ खात बसलेलीं होतीं. पुढें पोझितानो, आणि मग डोंगर ओलांडून आम्ही स्ताबिएच्या जागीं वसलेल्या कास्तेल्लामारे येथें उतरलों. थोरला प्लिनी वारला तो हाच किनारा. समोर खाडीपलीकडे व्हेसुव्हियस निळा, शांत, अंगावर एक ढग घेऊन बसला होता.

परतीच्या वाटेवर सौभाग्यवतींनीं मुलीनें दिलेली एक पुस्तिका वाचून दाखविली. पर्वत जागा होण्याचीं लक्षणें दिसलीं कीं ७२ तासांत तांबडा पट्टा मोकळा करावयाचा, अशी शासनाची योजना आहे. प्रत्येक नगरपालिकेस इटलीचा एकेक दूरचा प्रांत नेमून दिलेला. अमुक गांवच्या लोकांनीं अमुक प्रांताचे पाहुणे व्हावयाचें, हें आजच ठरलेलें. मध्यंतरीं, २००३च्या सुमारास, गांव कायमचें सोडणाऱ्यांस पैसे देऊं केले होते. फार थोड्यांनीं ते घेतले. सोडून जा म्हटल्यानें मनुष्य जात नाहीं. पण कधीं, कसें आणि कोणाकडे हें ठरलेलें असेल, तर कदाचित् जाईल. त्यालाहि किंमत आहेच. नेपल्सच्या पश्चिमेस पोत्सुओली येथें १९८३-८४ सालीं जमीन फुगूं लागली, तेव्हां सुमारें चाळीस हजार लोकांस हलविलें. उद्रेक झाला नाहीं. अशा वेळीं लोक म्हणतात, उगीच हलविलें. 'उगीच' हा शब्द कानीं पडण्याची तयारी ज्यानें ठेविली, तोच वेळेवर निघूं शकतो.

रोमला पोंचल्यावर त्याच रात्रीं आम्हीं दादांना फोन लावला. तिकडे मध्यरात्र उलटली होती. दादा घाबरून उठले. आम्हीं घराच्या विक्रीचें नांव काढलें नाहीं. म्हटलें, "दादा, एवढेंच सांगा. पाणी कोठवर आलें म्हणजे तुम्ही निघाल?"

बराच वेळ कांहीं ऐकूं आलें नाहीं. मग ते म्हणाले, "परसांतल्या घाटाची पांचवी पायरी बुडाली कीं निघूं."

मागून वहिनींचा आवाज आला : "तिसरी."

"बरें, तिसरी," दादा म्हणाले. तीन वर्षांत त्यांचा तो पहिला सरळ स्वर आम्हीं ऐकला.

मे महिन्यांत आम्ही उभयतां चिपळुणास जाऊन आलों. घराचे कागद, औषधें, चार कपडे आणि देव यांची एक पेटी माडीवर ठेविली. डोंगराच्या बाजूस राहणाऱ्या वहिनींच्या भाच्याशीं बोलणें केलें. बाजारपेठेंतून न जातां वरच्या अंगानें कोणत्या गल्लीनें जावयाचें, तें दादांनींच चालून दाखविलें. त्या पावसाळ्यांत एके रात्रीं तिसरी पायरी बुडाली. दोघें निघून भाच्याकडे गेलीं. पहाटेपर्यंत पाणी चवथीवर थांबलें आणि उतरलें. घरांत थेंबहि आला नाहीं. सकाळीं दादांचा फोन आला. "उगीच गेलों," ते रागानें म्हणाले. "रात्रभर झोंप नाहीं, भाच्याच्या घरीं डांस."

तो राग ऐकून आम्हांस जो आनंद झाला तो सांगतां येत नाहीं. सौभाग्यवतींनीं फोन हातीं घेऊन वहिनींस एकच विचारलें, किल्ल्या कोठें होत्या?

"पेटींत," वहिनी म्हणाल्या. "देवांजवळ."